प्रोलॅक्टिन वाढलंय, पिट्युटरी ठीक आहे आणि गर्भाशयात गाठ आहे: डॉक्टरांकडे जाण्याआधीची तयारी

पाळी लांबलेली, अंगावर पाजत नसतानाही छातीतून दूध येतंय, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) २५ नॅनोग्रॅमच्या बरंच पुढे गेलंय आणि ते जिथे बनतं त्या पिट्युटरीच्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या, एमआरआयमध्ये काहीच सापडत नाही. त्यात सोनोग्राफीत गर्भाशयाची मोठी गाठ. मग ही गाठच प्रोलॅक्टिन बनवत नसेल ना, अशी शंका येणं रास्त आहे. फायब्रॉइडने (गर्भाशयाच्या स्नायूतली, कर्करोगाची नसलेली गाठ) किंवा गर्भाशयाच्या काही विरळ गाठींनी ते बनवल्याची आणि गाठ काढल्यावर पातळी उतरल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पण फायब्रॉइड असंख्य बायकांना असतात आणि ही उदाहरणं फार थोडी. म्हणून नेहमीची कारणं एकेक करून आधी खोडायची.

सुरुवात घरातल्या औषधांच्या डब्यापासून. पित्तासाठी सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी बऱ्याच जणी औषधात धरतच नाहीत. तिच्या नावामागे ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ असेल तर तो बहुधा डॉमपेरिडोन, आणि तो प्रोलॅक्टिन चांगलंच वाढवतो. (कॅल्शियमच्या गोळीतला ‘डी’ मात्र व्हिटॅमिनचा.) लेव्होसल्पिराइड, उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, मानसिक आजारावरची रिस्पेरिडोन, अमिसल्पिराइड हीही त्याच पंगतीतली. नावं सांगत बसण्यापेक्षा पाकिटंच पिशवीत घालून न्या. पित्ताची गोळी चाचणीआधी किती दिवस थांबवायची हे डॉक्टरांना विचारा. मानसिक आजाराची गोळी मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका.

पाळी चुकली असेल तर सगळ्यात आधी गरोदरपणाची तपासणी. सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची), कारण थायरॉइड मंदावला किंवा मूत्रपिंडं थकली तरी हा आकडा चढतो. प्रोलॅक्टिन पुन्हा करायचं तर उठल्या उठल्या लॅब गाठू नका. झोपेत ते वाढलेलं असतं, म्हणून उठल्यावर दोन-तीन तास जाऊ द्या आणि सुई टोचण्याआधी अर्धा तास शांत बसा. आदल्या दिवशी दमवणारा व्यायाम नको, आणि दूध येतंय का हे दाबून बघणंही नको. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला सांगा, काही यंत्रांवर त्याने आकडा चुकतो. मॅक्रोप्रोलॅक्टिन तपासलंय का, हेही विचारा. या मोठ्या रेणूंमुळे आकडा फुगलेला दिसतो, पण शरीरावर त्याचा फारसा परिणाम नसतो. शक्यतो दरवेळी एकच लॅब. नाहीतर एका कागदावर नॅनोग्रॅम आणि दुसऱ्यावर मिलियुनिट, म्हणजे साधारण एकवीसपट आकडा, आणि घरात उगाच घबराट.

आता खरा धागा. पिट्युटरीतलं प्रोलॅक्टिन डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्या लगामात असतं आणि कॅबरगोलिन, म्हणजे प्रोलॅक्टिन उतरवायची नेहमीची गोळी, तोच लगाम आवळते. गर्भाशयातल्या पेशी त्या लगामाला जुमानत नाहीत. म्हणून गोळ्या नेमाने घेऊनही आकडा हलत नसेल, तर ती माहिती मोलाची. ही गोळी बहुतेकदा आठवड्यातून एकदा-दोनदाच असते आणि विसरली जाते. तेव्हा घेतलेल्या तारखांवर कॅलेंडरमध्ये खूण करा, चुकलेल्याही लपवू नका. नाहीतर ‘गोळी लागू पडत नाही’ या म्हणण्याला अर्थ उरत नाही.

फाइलमध्ये रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावा. एमआरआयच्या नुसत्या कागदावर भागत नाही, सीडीही हवी. पिट्युटरीतली बारीक गाठ पहिल्यांदा निसटू शकते. पुन्हा एमआरआय काढायचा झाला तर मंगळसूत्र, जोडवी, चमकी, पिना घरीच ठेवा आणि तांबी बसवलेली असेल तर तिथल्या तंत्रज्ञांना सांगा. सोनोग्राफीत गाठीचं माप आधीच्या रिपोर्टशी ताडून बघा.

केवळ प्रोलॅक्टिनसाठी गर्भाशय काढायची घाई मला पटत नाही. पण रक्तस्राव, दुखणं किंवा वाढता आकार यांमुळे ऑपरेशन ठरलंच असेल, तर आदल्या दिवशीचं प्रोलॅक्टिन करून ठेवा आणि नंतरचं कधी करायचं तेही तेव्हाच लिहून घ्या. गाठच कारण असेल तर आकडा लवकर उतरतो. मात्र त्याच सुमारास कॅबरगोलिन सुरू केली किंवा डोस बदलला तर श्रेय कुणाचं हे कळत नाही. गाठ पॅथॉलॉजीला जाताना अर्जावर ‘प्रोलॅक्टिन वाढलेलं’ हे शब्द लिहिलेत ना, ते सिस्टरांना विचारून घ्या. त्यावरूनच तिथले डॉक्टर प्रोलॅक्टिनसाठी खास रंगचाचणी करायची की नाही ते ठरवतील. रिपोर्ट आला तरी ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइड्स जपून ठेवायला सांगा, दुसरं मत घेताना त्याच मागतात.