‘सेरेंडिपिटी’ : शब्दाचे मूळ कसे शोधावे आणि तो अचूक कसा वापरावा

सुदैवासाठी ‘लक’ आणि ‘फॉर्च्युन’ हे शब्द इंग्रजीत पूर्वीपासून असताना ‘सेरेंडिपिटी’ हा नवा शब्द का घडवावा लागला, हे समजून घेतल्याशिवाय तो वापरू नये. आज कोणत्याही सुखद योगायोगाला तो सर्रास लावला जातो आणि त्यात त्याचा निम्मा अर्थ हरवतो.

मूळ शोधण्यासाठी प्रथम ऐतिहासिक पद्धतीचा कोश उघडावा, कारण अशा कोशात अर्थाबरोबरच शब्दाचा सर्वांत जुना ज्ञात वापर सालासह दिलेला असतो. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशात या शब्दाखाली १७५४ हे साल आणि होरेस वॉल्पोल या इंग्रज लेखकाचे नाव आढळते. मात्र तेवढ्यावर न थांबता मूळ उतारा अवश्य वाचावा. वॉल्पोलने २८ जानेवारी १७५४ रोजी फ्लॉरेन्समधील ब्रिटिश राजप्रतिनिधी होरेस मान यांना पत्र लिहिले. मान यांनी त्याला बियांका कापेल्लो या सोळाव्या शतकातील व्हेनिसच्या उमराव घराण्यातील स्त्रीचे चित्र पाठवले होते आणि तिच्या घराण्याच्या कुलचिन्हाविषयीचा एक तपशील त्याला व्हेनिसच्या कुलचिन्हांच्या जुन्या पुस्तकात अवचित सापडला होता. अशा लाभाला नाव देताना त्याने सेरेंदिपच्या तीन राजपुत्रांच्या कथेचा आधार घेतला. हे राजपुत्र जे शोधत नव्हते, ते त्यांना योगायोगाने आणि चाणाक्षपणाने गवसत असे, असे तो लिहितो. या दोन कारणांतले दुसरे बहुतेकांच्या नजरेतून निसटते.

त्यानंतर शब्दातील विशेषनामाचा माग काढावा. ‘सरनदीब’ हे अरबी-फारसी परंपरेतील श्रीलंकेचे नाव असून त्याचे मूळ ‘सिंहलद्वीप’ या संस्कृत नावाशी जोडले जाते. कथेचा प्रवासही तपासण्याजोगा आहे : अमीर खुसरोच्या ‘हश्त बिहिश्त’ या फारसी काव्यात ती आहे आणि १५५७ मध्ये व्हेनिसला तिचे इटालियन रूप छापले गेले. त्या कथेत राजपुत्र वाटेवरच्या खुणांवरून न पाहिलेल्या उंटाचे वर्णन करतात. रस्त्याच्या एकाच बाजूचे, तेही निकृष्ट, गवत खाल्लेले दिसते, म्हणून जनावर एका डोळ्याने आंधळे असले पाहिजे, हा त्यांचा तर्क. वॉल्पोलच्या पत्रात उंटाऐवजी खेचर आले आहे. मूळ साधने एकमेकांशी ताडून पाहिली की असे फरक लगेच उघड होतात.

आता वापराकडे वळू. वाक्यात हा शब्द घालण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : जे मिळाले ते शोधले जात नव्हते का, आणि त्याचे मोल ओळखायला पाहणाऱ्याची बुद्धी लागली का? दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील तरच तो योजावा. लॉटरी लागणे हे घबाड आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडणे हा काकतालीय न्याय आहे. या दोन्ही ठिकाणी ‘सेरेंडिपिटी’ शोभत नाही. उलट, १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जिवाणूंच्या एका बशीत बुरशी आलेली दिसली, तेव्हा बुरशीभोवतीचे जिवाणू नाहीसे होत असल्याचे हेरून त्यांनी ती बशी जपली आणि त्यातून पुढे पेनिसिलिनचा शोध लागला. तेथे हा शब्द पूर्ण अर्थाने लागू पडतो.