गोव्यात गाळाचा खडक कसा ओळखायचा (आणि चिऱ्याला का फसायचं नाही)

आधी चिऱ्याचं बघू कारण घोळ तिथेच होतो. भोकं, लाल रंग, माती सुटते हे बघून बरेच जण धरून चालतात की चिरा म्हणजे जांभा हा गाळाचा खडक. पण आपल्याकडचा बहुतेक जांभा कुठून वाहून आलेला नाही, मूळ खडक पाऊस आणि उष्णतेने जागच्या जागी कुजतो, विरघळणारं सगळं धुऊन जातं आणि लोह, ॲल्युमिनियम मागे राहतं तो जांभा.

गाळाच्या खडकाला प्रवास लागतो. घाटातला दगड झिजतो, मांडवी-जुवारी तो खाली आणतात, पाणी संथ झालं की जाड कण आधी बसतात आणि चिखल मागाहून, त्यावर पुढचा थर, मग वरच्या वजनाने पाणी पिळून निघतं आणि फटींमध्ये चुना नाहीतर सिलिका (वाळूतलं मुख्य खनिज) बसून कण चिकटतात, चिक्कीत गूळ शेंगदाण्याला धरतो तसं. म्हणून १० पट दाखवणारं साधं भिंग घ्या आणि ताज्या फुटलेल्या बाजूला बघा (दगड फोडत बसू नका, पडलेला तुकडा चालतो). कण सुटे सुटे, मध्ये दुसरंच काहीतरी भरलेलं, बोट फिरवलं की खरखर लागते, कधी शिंपल्याचे तुकडे? मग गाळाचा.

अग्निज, म्हणजे वितळलेला खडक थंड होऊन बनलेल्या खडकात स्फटिक एकमेकांत घट्ट अडकलेले असतात, फट नाहीच. पाळोळेला ग्रॅनाइटचे मोठे धोंडे आहेत तिथे हे नीट कळतं. सत्तरीकडचा काळा बेसाल्ट मात्र इतका बारीक की भिंगातूनही फारसं दिसत नाही, तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा.

आता थर दिसले म्हणजे गाळाचाच असं नाही हं! दोनापावलाच्या खडकात थर मस्त दिसतात आणि तो होताही समुद्रतळाशी बसलेला वाळू-चिखलच, पण पुढे दाब आणि उष्णतेने बदलला म्हणून तो रूपांतरित. डिचोली-साखळीच्या खाणींतला पट्टेरी लोहखडक पण तसाच, समुद्राच्या पाण्यातून साचलेलं लोह आणि सिलिका, नंतर बदललेलं. दोन्ही २ अब्ज वर्षांहून जुने, त्यामुळे गोव्यात न बदललेला गाळाचा खडक शोधायला जरा कष्टच पडतात.

सोपा उमेदवार किनाऱ्यावरच आहे. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी ओहोटीच्या पट्ट्यात वाळू आणि शिंपले चुन्याने चिकटून तयार झालेल्या सपाट लाद्या असतात, भूगर्भाच्या हिशोबाने अगदी कालपरवाच्या. त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका, बुडबुडे आले की चुना आहे. नाही आले तर खिळ्याने खरवडून थोडी पूड करून परत टाका, व्हिनेगर कमजोर असतं. ग्रॅनाइट आणि जांभ्यावर असं काही होत नाही. आणि हे सगळं ओहोटीलाच करा, पावसाळ्यात तर त्या खडकांवर शेवाळ असतं, पाय ठेवायलाच जाऊ नका.