हिशेबाचे सॉफ्टवेअर अपग्रेड करताय? आधी या चुका टाळा

जुन्या आवृत्तीतील हिशेबाची फाइल नव्या आवृत्तीत उघडली की सॉफ्टवेअर तिचे रूपांतर करून घेते आणि ते काम काही मिनिटांत आटोपते. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडू पाहिली, तर मात्र बहुतेक वेळा ती उघडत नाही. जाण्याची वाट सोपी आणि परतीची वाट बंद, असा हा मामला आहे. वैयक्तिक जमाखर्चाचे सॉफ्टवेअर अपग्रेड करावे की नाही हे ठरवताना किंमत, नव्या सोयी, पडद्याचे रूप या सगळ्यांचा विचार होतो. आपला दहा-पंधरा वर्षांचा हिशेब उद्या कोणत्या स्वरूपात आपल्या हाती राहील, हा प्रश्न मात्र बहुधा काहीतरी बिघडल्यावरच सुचतो. पुढे दिलेल्या बहुतेक चुकांचे मूळ या एकाच दुर्लक्षात आहे.

‘नवीन काय आले’ एवढेच पाहणे

नव्या आवृत्तीच्या जाहिरातीत काय वाढवले ते ठळक लिहिलेले असते. काय काढून टाकले ते शोधावे लागते. याचे बोलके उदाहरण ॲपलच्या मॅक संगणकांवरील ‘क्विकन’ या जमाखर्चाच्या सॉफ्टवेअरचे आहे. २०१० मध्ये मॅकसाठी ‘क्विकन एसेन्शियल्स’ ही नव्याने लिहिलेली आवृत्ती आली, पण तिच्यात शेअर्स आणि फंडांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी ठेवण्याची सोयच नव्हती. त्यामुळे गुंतवणुकीचा हिशेब ठेवणारे अनेक जण ‘क्विकन २००७’लाच धरून राहिले. २०११ मध्ये ‘लायन’ ही मॅकची नवी प्रणाली (संगणक चालवणारे मूळ सॉफ्टवेअर) आली. तिने जुन्या प्रोसेसरसाठी लिहिलेले प्रोग्रॅम चालवणारी रोझेटा ही व्यवस्था काढून टाकली आणि ‘क्विकन २००७’ चालेनासे झाले. शेवटी २०१२ मध्ये कंपनीला त्याच जुन्या आवृत्तीची लायनवर चालणारी सुधारित प्रत काढावी लागली. या प्रकरणात जुन्या आवृत्तीला चिकटून राहणारे हेकट नव्हते. त्यांना जे काम करायचे होते ते नव्या आवृत्तीत होतच नव्हते.

म्हणून सोयींची यादी वाचण्यापूर्वी स्वतःची यादी करावी. गेल्या बारा महिन्यांत आपण हे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष कशासाठी उघडले, कोणते अहवाल काढले, आवर्ती नोंदी किती आहेत, एकाच खर्चाची अनेक सदरांत विभागणी करतो का, एकाहून अधिक चलने वापरतो का, हे कागदावर लिहावे आणि त्यातील प्रत्येक काम नव्या आवृत्तीच्या चाचणी प्रतीत स्वतः करून पाहावे. माझा अनुभव असा की ही यादी क्वचितच दहा ओळींच्या पुढे जाते आणि नव्या सोयींपैकी एखाददुसरीच तिच्यात बसते.

‘जुने झाले’ म्हणजे नेमके काय, हे न पाहणे

सॉफ्टवेअर जुने होते तेव्हा तीन वेगवेगळ्या गोष्टींपैकी काहीतरी संपलेले असते: खुद्द प्रोग्रॅमचा आधार, त्याच्याशी जोडलेली ऑनलाइन सेवा किंवा तो ज्या प्रणालीवर चालतो तिचा आधार. या तिन्हींचे उपाय निरनिराळे असल्यामुळे त्यांची सरमिसळ झाली की निर्णयही चुकतो.

सबस्क्रिप्शन, म्हणजे ठरावीक काळाने शुल्क भरत राहण्याची पद्धत, येण्यापूर्वी क्विकनच्या प्रत्येक आवृत्तीला साधारण तीन वर्षे ऑनलाइन सेवा मिळत असे. ‘क्विकन २०१७’ची ती मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. बँकेचे व्यवहार आणि शेअर्सचे भाव आपोआप उतरणे तेव्हा थांबले, पण हाताने नोंदी करणाऱ्याला त्याने काही फरक पडण्याचे कारण नव्हते. मायक्रोसॉफ्टने ‘मनी’ या आपल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची विक्री २००९ मध्ये थांबवली आणि पुढे ‘मनी प्लस सनसेट’ ही मोफत आवृत्ती दिली. तिला ऑनलाइन सक्रिय करावे लागत नाही, त्यामुळे कंपनीचा सर्व्हर बंद झाला तरी फाइल उघडण्याची सोय शाबूत राहिली. याउलट ‘वायनॅब ४’ या अंदाजपत्रकाच्या सॉफ्टवेअरच्या मॅकवरील वापरकर्त्यांची अडचण प्रणालीच्या बाजूने आली. मॅकच्या २०१९ च्या ‘कॅटलिना’ या प्रणालीने जुन्या धाटणीचे ३२ बिटांचे प्रोग्रॅम चालवणे बंद केले आणि काल चालणारे सॉफ्टवेअर प्रणाली अद्ययावत होताच उघडेनासे झाले. अशा वेळी हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे नव्हे, तर प्रणालीचे अपग्रेड लांबवणे हाच तात्पुरता उपाय असतो.

अर्थात सुरक्षिततेचा प्रश्न उरतोच. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा प्रणालीवरचे सॉफ्टवेअर बँकेशी जोडलेले असेल आणि पासवर्ड त्यातच साठवलेले असतील, तर ‘अजून चालते आहे ना’ हे कारण पुरेसे नाही. तेच सॉफ्टवेअर इंटरनेटपासून तोडून केवळ जुनी खतावणी म्हणून ठेवले, तर धोका बराच कमी होतो.

सबस्क्रिप्शनचा हिशेब अर्धाच करणे

वार्षिक शुल्काला वर्षांच्या संख्येने गुणून एकदाच भरायच्या किमतीशी तुलना सगळेच करतात. विचारायचा प्रश्न असा की शुल्क भरणे थांबवले त्या दिवसापासून आपल्या फाइलचे काय होते. ती फक्त वाचता येते, नव्या नोंदी करता येतात, की उघडतच नाही? क्विकनने २०१८ च्या आवृत्तीपासून आणि वायनॅबने २०१५ च्या अखेरीस सबस्क्रिप्शनची पद्धत आणली, तेव्हापासून हा प्रश्न या क्षेत्रात कायमचा झाला आहे. मोफत सेवाही त्यातून सुटत नाही: लाखो लोक वापरत असलेली ‘मिंट’ ही जमाखर्चाची सेवा मार्च २०२४ मध्ये बंद झाली.

बॅकअप घेतला, पण उघडून पाहिला नाही

बॅकअप घ्या हे सर्वांना ठाऊक आहे, पण तो कसा घेतात यातच घोटाळा होतो. अपग्रेडच्या वेळी सॉफ्टवेअर स्वतःहून एक प्रत ठेवते आणि लोक तिच्यावर विसंबतात. ती प्रत बहुधा त्याच डिस्कवर, त्याच फोल्डरमध्ये असते. काही सॉफ्टवेअरमध्ये पावत्यांची छायाचित्रे आणि जोडलेले कागद मुख्य फाइलमध्ये नसून शेजारच्या फोल्डरमध्ये असतात. एकटी फाइल उचलली की कागद मागे राहतात. इंटरनेटवर (क्लाउडमध्ये) आपोआप प्रत ठेवणाऱ्या फोल्डरमध्ये चालू फाइल ठेवण्याची सवय तर फार घातक, कारण फाइल उघडी असताना मधल्याच अवस्थेतील प्रत वर जाऊ शकते किंवा दोन संगणकांवरच्या दोन प्रती एकमेकींवर बसू शकतात.

मी एकदा अपग्रेडनंतर तीन आठवड्यांनी जुनी प्रत उघडायला गेलो, तेव्हा लक्षात आले की चालू फाइलचा पासवर्ड मधल्या काळात बदललेला होता आणि प्रत जुन्या पासवर्डचीच होती. सुदैवाने तो एका वहीत सापडला. तेव्हापासून मी चार गोष्टी एकत्र ठेवतो: रूपांतरापूर्वीची फाइल आणि तिच्यासोबतचे फोल्डर, जुन्या सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर, परवान्याची किल्ली आणि त्या तारखेचा पासवर्ड. हे सारे वेगळ्या डिस्कवर ठेवून, शक्य असल्यास दुसऱ्या संगणकावर, ती फाइल प्रत्यक्ष उघडून पाहावी. इन्स्टॉलर आहे पण तो सक्रिय करणारा सर्व्हर बंद झाला आहे, हेही तेव्हाच कळते. याशिवाय प्रत्येक खात्याची संपूर्ण खतावणी पीडीएफ म्हणून काढून ठेवावी. कोणतेच सॉफ्टवेअर चालले नाही तरी ती वाचता येते.

‘एक्सपोर्ट होते’ यावर निर्धास्त राहणे

सॉफ्टवेअरमधून माहिती बाहेर काढता येते म्हणजे ती जशीच्या तशी बाहेर पडते, असा समज सर्वत्र आढळतो. फाइलचे प्रत्येक स्वरूप (फॉरमॅट) काहीतरी गाळते. क्यूआयएफ हे जुने स्वरूप साध्या मजकुराचे आहे. त्यात व्यवहाराला स्वतंत्र ओळखक्रमांक नसतो आणि तारखेत दिवस आधी की महिना आधी हे फाइल सांगत नाही. त्यामुळे ५ मार्चची नोंद ३ मे ला जाऊन बसते. गंमत अशी की बारापेक्षा मोठ्या दिवसांच्या तारखा योग्य जागी दिसतात किंवा नाकारल्या जातात, म्हणून चूक अर्धवटच नजरेस येते. त्याच स्वरूपात एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळवलेली रक्कम दोन्ही खात्यांच्या फाइलींत येते आणि दोन्ही फाइली आत घेतल्या की ती दुप्पट होऊ शकते.

ओएफएक्स हे १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्ट, इंट्यूइट आणि चेकफ्री या कंपन्यांनी आणलेले स्वरूप. त्यात प्रत्येक व्यवहाराला ओळखक्रमांक असतो, त्यामुळे तीच फाइल पुन्हा आत घेतली तरी दुहेरी नोंद टळते. पण ते बँकेकडून व्यवहार आणण्यासाठी बनवलेले आहे. तुमची सदरे, अंदाजपत्रक आणि शेरे पुढे नेणे हे त्याचे काम नाही. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराची फाइल, कुठेही उघडते, मात्र अनेक सदरांत विभागलेला खर्च त्यात एक तर सुट्या ओळींत फुटतो किंवा विभागणी गमावून एकाच रकमेत येतो. ग्नूकॅशसारखे मुक्त सॉफ्टवेअर माहिती एक्सएमएल किंवा एसक्यूलाइट या खुल्या स्वरूपांत साठवते आणि त्या फाइली इतर साधनांनीही वाचता येतात. पुढची वीस वर्षे हिशेब ठेवायचा असेल, तर कोणत्याही देखण्या आलेखापेक्षा मी या गुणाला अधिक वजन देतो.

ताळा न करताच पुढे जाणे

अपग्रेडचा दिवस निवडताना करविवरणाचा हंगाम आणि वर्षअखेर टाळावी. सर्व खाती बँकेच्या पत्रकाशी नुकतीच जुळवलेली असतील, असा दिवस उत्तम. त्या दिवशी जुन्या आवृत्तीतून तीन गोष्टी काढून ठेवाव्यात: प्रत्येक खात्याची आजची शिल्लक, प्रत्येक खात्यातील नोंदींची संख्या आणि दर वर्षाच्या अखेरची शिल्लक. रूपांतरानंतर हेच आकडे नव्या आवृत्तीतून काढून शेजारी मांडावेत. केवळ एकूण मालमत्तेचा आकडा जुळला म्हणून समाधान मानू नये, कारण दोन चुका एकमेकींना झाकू शकतात.

आकडे जुळले नाहीत तर

फरक दिसताच शेवटी ‘समायोजन’ नावाची नोंद टाकून तो मिटवण्याचा मोह होतो. तसे केले की मूळ चूक कायमची आत राहते आणि त्या वर्षाचे सगळे अहवाल बिघडतात. त्याऐवजी मधल्या वर्षाची अखेरची शिल्लक पाहावी. ती जुळत असेल तर चूक पुढच्या अर्ध्या भागात आहे, नसेल तर आधीच्या. असे दर वेळी निम्मे करत गेल्यास सोळा वर्षांच्या हिशेबातील चुकीचे वर्ष चार तपासण्यांत सापडते. मग त्याच रीतीने महिना शोधावा. पहिल्याच वर्षापासून फरक सारखाच राहत असेल, तर खात्याची सुरुवातीची शिल्लक गळाली आहे किंवा दोनदा आली आहे, असे समजावे.

वर्ष सापडल्यावर फरकाच्या रकमेचीच एखादी नोंद आहे का ते पाहावे. असल्यास ती बहुधा गळालेली किंवा दुप्पट झालेली असते. नसल्यास फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद शोधावी, कारण जमेची रक्कम नावे पडली की फरक दुप्पट दिसतो. हाताने भरलेल्या वह्यांची ही जुनी युक्ती रूपांतराच्या चुकांनाही तितकीच लागू पडते.

शेअर्सची संख्या चुकलेली दिसली, तर शेअर्सच्या विभाजनाची किंवा बोनसची नोंद वगळली गेली आहे का ते आधी तपासावे. संख्या बरोबर पण नफा अवास्तव दिसत असेल, तर खरेदीची मूळ किंमत पुढे आलेली नाही आणि सॉफ्टवेअर ती शून्य धरते आहे, अशी शक्यता मोठी.

बँकेशी पुन्हा जोडणी केल्यावर गेल्या काही आठवड्यांचे व्यवहार दुसऱ्यांदा उतरणे ही नेहमीची तक्रार आहे. जोडणीची पद्धत बदलली की बँकेकडून येणारे ओळखक्रमांकही बदलू शकतात आणि सॉफ्टवेअरला जुने व्यवहार नवे वाटतात. असे व्यवहार आपोआप स्वीकारण्याची सोय पहिल्या महिन्यापुरती बंद ठेवून एकेक जुळवावे.

शेऱ्यांतील मराठी मजकुराच्या जागी चिन्हांचा कचरा दिसला, तर मजकूर नष्ट झाला असे लगेच समजू नये. फाइल बहुधा यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत असते आणि उघडणारा प्रोग्रॅम तिला दुसरेच काही समजतो. दोनदा क्लिक करून न उघडता, आयात करताना यूटीएफ-८ निवडले की अक्षरे बहुधा ठीक दिसतात; पण बिघडलेली फाइल त्याआधी पुन्हा जतन केली असेल, तर मूळ प्रतीपासून सुरुवात करण्याला पर्याय नाही.

अपग्रेड न करण्याचा निर्णय

नोंदी हाताने होतात, प्रणालीला अजून आधार आहे, लागणारे सगळे अहवाल निघतात आणि फाइलची वाचनीय प्रत वेगळी ठेवलेली आहे, अशी स्थिती असेल, तर अपग्रेड पुढे ढकलण्यात काहीही गैर नाही. बँकेची जोडणी तुटली आहे, प्रणाली बदलावीच लागणार आहे किंवा कंपनीने सेवा बंद करण्याची तारीख जाहीर केली आहे, यांपैकी काही असेल, तर मात्र शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये, कारण त्या वेळी चाचणीला आणि ताळ्याला सवडच उरत नाही. अपग्रेड केल्यावर एक संपूर्ण महिना दोन्ही आवृत्त्यांत नोंदी कराव्यात आणि बँकेचे पुढचे पत्रक दोन्हींशी जुळले की मगच जुनीत नोंदी करणे थांबवावे. जुने सॉफ्टवेअर संगणकावरून काढण्याची घाई त्यानंतरही, निदान त्या वर्षाचे करविवरण भरून होईपर्यंत, करू नये.