आन्सीत मुक्काम ठोका, पण तारखा आभाळाला ठरवू द्या

उन्हाळा लागला की आमच्याकडे पाहुण्यांची रीघ सुरू होते. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तारीखवार बेत तयार असतो: सोमवारी माँ ब्लाँ, मंगळवारी तलाव, बुधवारी शांबेरी. ठिकाणांबद्दल माझं काही म्हणणं नसतं. तारखा मात्र मी पहिल्याच संध्याकाळी खोडायला लावते. फ्रेंच आल्प्समध्ये डोंगर ढगात गेला की समोर नुसती पांढरी भिंत उरते, आणि वर जायच्या महागड्या तिकिटाचे पैसे ती भिंत बघण्यासाठी कुणी देत नाही.

म्हणून मुक्काम एकच धरा, आन्सी हे तलावकाठचं गाव. पॅरिसच्या गार द लियों स्टेशनहून टीजीव्ही ही वेगवान आगगाडी पावणेचार-चार तासांत थेट इथे आणते आणि जिनिव्हा विमानतळावरून बसने सव्वा तास लागतो. हॉटेल किंवा भाड्याचं घर स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्या. तलावासमोरची खोली फोटोत छान दिसते, पण तलाव स्टेशनपासून पंधरा मिनिटांवरच आहे आणि बसचा तळ स्टेशनला लागूनच. पहाटे निघायचं असतं तेव्हा ही जवळीक कामाला येते. चार-पाच रात्री हाताशी ठेवा.

रोज रात्री झोपण्याआधी मेतेओ-फ्रान्स या फ्रेंच हवामान खात्याच्या ॲपवर माँ ब्लाँच्या पायथ्याच्या शामोनी गावाचं हवामान बघायचं, आन्सीचं नाही. सकाळी उठल्या उठल्या शामोनीच्या रोपवेवाल्यांच्या साइटवरचे थेट कॅमेरे उघडायचे. शिखर स्वच्छ दिसलं की चहा घेऊन निघायचं, बाकीचे बेत पुढे ढकलायचे. सकाळ लख्ख आणि दुपारनंतर गडगडाट असं भाकीत जुलै-ऑगस्टमध्ये कायमचं असतं. त्याला घाबरू नका, फक्त दुपारच्या आत वरून खाली या.

शामोनीला गाडीने सव्वा तास लागतो. थेट बस असली तर ती घ्या. आगगाडीने ला रोश-स्यूर-फोरों आणि सँ-जर्व्हेला बदलून दोन-अडीच तास जातात, पण सँ-जर्व्हेहून पुढची अरुंद रुळांची लाल गाडी दरी चढत जाते तो तुकडा सुंदर आहे. माझं मत विचाराल तर जाताना बस आणि येताना आगगाडी. सकाळी घाई असते, संध्याकाळी नसते. आणि खरोखर पहिला पाळणा गाठायचा असेल तर त्या एका रात्रीपुरती शामोनीत खोली बघा.

शामोनीहून एग्वी द्यु मिदी या शिखरावर जाणारा रोपवे 1955 साली सुरू झाला. शामोनी 1035 मीटरवर, मधलं स्टेशन प्लाँ द लेग्वी 2317 वर, आणि माथा 3842 वर. वीस मिनिटांत जवळजवळ 2800 मीटर चढल्यावर शरीर तक्रार करणारच. वर पोचल्यावर लगेच जिने चढू नका. दहा मिनिटं आतच थांबा, पाणी प्या, मग हळूहळू गच्च्यांवर फिरा. माझे सासरे पहिल्या गच्चीवर कठड्याला धरून उभे राहिले, माँ ब्लाँकडे बघितलं आणि म्हणाले, ‘एवढ्यावर भागलं, तुम्ही फिरून या.’ अगदी बरोबर केलं त्यांनी, कारण तिथूनही सगळं दिसतं. काचेच्या पेटीत उभं राहून पायाखाली हजार मीटरची पोकळी बघायची हौस असेल तर आधी त्या रांगेत जा, ती लवकर लांबते. भर जुलैत वर शून्याच्या आसपास असतं. टोपी, हातमोजे, जाड जाकीट आणि गॉगल लागतात. तीन वर्षांखालच्या मुलांना वर नेत नाहीत. हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. नोव्हेंबरात देखभालीसाठी हा रोपवे बंद असतो.

ज्यांना एवढी उंची नको त्यांनी दरीच्या दुसऱ्या बाजूला ब्रेव्हां या शिखराकडे बघावं. 2525 मीटरवरून अख्खी माँ ब्लाँची रांग समोर दिसते, तीही धाप न लागता. निघण्याआधी तिथला रोपवे सुरू आहे ना, तेवढं पाहा.

दुपारी मोंतांव्हेर. दातेरी रुळांची छोटी लाल गाडी शामोनीच्या मुख्य स्टेशनामागच्या स्वतंत्र स्टेशनातून सुटते आणि 1913 मीटरवर मेर द ग्लास या हिमनदीपाशी सोडते. जुन्या चित्रांतला पांढराशुभ्र बर्फ मनात धरून गेलात तर निराश व्हाल. खाली दगडगोट्यांनी झाकलेली करडी जीभ दिसते आणि तिच्यात उतरताना बर्फ कुठल्या वर्षी कुठवर होता याच्या पाट्या लागतात. 1990 ची पाटी डोक्याच्या खूप वर राहते. हवामान बदलावर दहा भाषणं ऐकण्यापेक्षा मुलांना इथे आणा. एग्वी आणि मोंतांव्हेर एकाच दिवशी करणार असाल तर दोन सुटी तिकिटं काढू नका, मल्टिपास या एकत्रित तिकिटाचा हिशेब आधी विचारा.

तलावाचा दिवस सोपा. 27 चौरस किलोमीटरचं हे पाणी आज इतकं नितळ दिसतं ते आपोआप नाही. 1950 च्या दशकात गावांचं सांडपाणी थेट त्यात जात होतं. 1957 मध्ये काठच्या गावांनी एकत्र येऊन संस्था काढली आणि तलावाभोवती गटारवाहिनी घातली, म्हणजे सांडपाणी तलावात न जाता बाहेरच्या बाहेर जाऊ लागलं. ऑगस्टात पोहण्यासारखं ऊबदार पाणी असतं. आल्बिन्यीच्या काठावर पैसे लागत नाहीत. तळाला गोटे आहेत, तेव्हा पाण्यात घालायचे रबरी बूट घ्या.

सायकल मात्र घ्याच. पूर्ण फेरी चाळीसेक किलोमीटर भरते, पण पूर्वेकडे ताल्वार गावाच्या अलीकडे-पलीकडे चढ आहेत आणि वाहनांची सोबतही. सवय नसेल तर पश्चिम काठाने दुअँ गावापर्यंत जाऊन परत या. हा मार्ग जुन्या रेल्वेवर बांधलाय, त्यामुळे जवळजवळ सपाट. सेव्रिए, सँ-जोरिओ ही गावं मागे टाकत गेलं की दुअँपाशी जुना रेल्वे बोगदा येतो. आत एकदम गार हवा अंगावर येते आणि बाहेर पडताच समोर तलावाचा अरुंद, डोंगरांनी आवळलेला भाग. थांबायचं ते इथे. उजवी बाजू सोडू नका आणि फोटोसाठी मध्येच ब्रेक मारू नका. मागून येणारे साठीतले आजोबा ताशी तीसने येत असतात आणि त्यांची घंटा फार उशिरा वाजते.

सायकल नको असेल तर तलावातून निघणाऱ्या तिऊ नदीच्या मुखापाशी बोटीत बसा. गावोगाव थांबणारी बोट धरून ताल्वारला उतरा, जेवा आणि पुढच्या बोटीने परत या. परतीची शेवटची बोट किती वाजता आहे ते उतरतानाच पाटीवर वाचून ठेवा.

आता पावसाचे दिवस. पहिला पाऊस गोर्ज द्यु फिएरला द्या. आन्सीहून आगगाडीचं पहिलंच स्टेशन लोव्हान्यी, तिथून थोडं चालायचं. 1869 पासून लोक या घळीत जातात. कड्याला टांगलेली लाकडी वाट नदीच्या पंचवीस मीटर वरून जाते आणि पुराच्या खुणा बघितल्या की पाणी कुठवर चढतं ते कळून अंगावर काटा येतो. हिवाळ्यात बंद असते.

दुसरा पाऊस शांबेरीला. आगगाडीने पाऊण-एक तास. प्रवासी बहुतेक वेळा हे शहर टाळतात, आणि मराठी माणसाने तर ते मुळीच टाळू नये. गावाच्या मधोमध चार दिशांना तोंड केलेले चार हत्ती सोंडेतून पाणी सोडत उभे आहेत आणि त्यांच्यामधून निघालेल्या खांबावर एक सेनानी. तो बेन्वा द बॉईन, आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतला डी बॉयन. याच गावात 1751 साली जन्मला, हिंदुस्थानात येऊन 1784 मध्ये महादजी शिंद्यांच्या चाकरीत शिरला आणि त्यांची कवायती पलटण त्याने उभी केली. राजस्थानातल्या पाटण आणि मेडत्याच्या 1790 च्या लढायांत याच पलटणी होत्या. अमाप पैसा घेऊन तो युरोपात परतला आणि त्यातला मोठा वाटा त्याने आपल्या गावाला दिला. 1830 मध्ये तो वारला, हत्ती 1838 मध्ये बसले. हत्तींना मागचा अर्धा भाग नाही, त्यावरून गावकरी त्यांना जे नाव ठेवतात ते आत्याबाईंसमोर सांगण्यासारखं नाही. तिथून कमानींखालून जाणाऱ्या र्‍यू द बॉईनने राजवाड्याकडे चालत जा. रस्ता त्याच्याच पैशातला, आणि कमानींमुळे छत्रीही लागत नाही.

वाटेत एक्स-ले-बाँ लागतं. तिथला तलाव, ल द्यु बुर्जे, आन्सीच्या तलावाहून मोठा. पलीकडच्या काठावर ओतकोंबचा मठ आहे, साव्वा (सॅव्हॉय) राजघराण्याची दफनभूमी. इटलीचा शेवटचा राजा उंबेर्तो दुसरा 1983 पासून तिथेच आहे. बोट मिळाली तर जा, नाहीतर सोडा. लेमाँ (जिनिव्हा) तलावावरचं इव्वार हे तटबंदीचं गाव सुरेख आहे, पण स्वतःची गाडी असेल तरच. तिथे फोन पलीकडचं स्विस नेटवर्क पकडतो आणि युरोपियन सिमचं बिल फुगतं, तेव्हा रोमिंग बंद ठेवा.

खाण्याचं बोलू. मंगळवार, शुक्रवार आणि रविवार सकाळी आन्सीच्या जुन्या गावात बाजार भरतो. रब्लोशों हे इथलं चीज घेताना त्यावरच्या चकतीचा रंग बघा: हिरवी म्हणजे शेतकऱ्याने स्वतःच्या गोठ्यातल्या दुधाचं केलेलं, लाल म्हणजे डेअरीचं. मी हिरवीच घेते. कडक शाकाहारी असाल तर हे लक्षात ठेवा की इथल्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, असतं. तार्तिफ्लेत, म्हणजे बटाटा, कांदा आणि रब्लोशों, डुकराच्या तुकड्यांसह येतं, म्हणून मागताना ‘साँ लार्दों’ म्हणा. पाणी ‘कराफ दो’ म्हणून मागितलं तर नळाचं मिळतं, फुकट. आणि दोनच्या ठोक्याला स्वयंपाकघर बंद होतं, मग सातपर्यंत गरम जेवण मिळणं कठीण. सायकलवरून अडीचला भुकेले परतणार असाल तर सकाळीच बाजारातून ब्रेड, चीज आणि जर्दाळू घेऊन पिशवीत टाका.