सुडो देताना पूर्ण रूट नको, नेमकी कमांड द्या

लिनक्सवर रूट म्हणजे सगळे हक्क असलेला युजर, आणि सुडो म्हणजे त्याच्या हक्कांनी कमांड चालवायची सोय. कुणाला तरी फक्त एनजिनेक्स हा वेब सर्व्हर रीस्टार्ट करायचा असतो आणि आपण त्याला थेट सुडो ग्रुपमध्ये टाकून मोकळे होतो (रेडहॅट-फेडोरावर हाच ग्रुप व्हील). झालं, तो आता रूटच.

त्याऐवजी नेमका नियम लिहा. आधी दुसऱ्या टर्मिनलमध्ये रूट शेल (शेल म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) उघडा आणि काम तपासून होईपर्यंत बंद करू नका. सुडोच्या जुन्या आवृत्त्यांत नियमांच्या फाइलमधली एक चूक सगळ्यांनाच बाहेर ठेवते. फाइल साध्या एडिटरने उघडू नका. व्हिसुडो हे सुडोसोबतच येणारं साधन वापरा, ते सेव्ह करताना व्याकरण तपासतं. मुख्य फाइलला हात न लावता ‘सुडोअर्स.डी’ फोल्डरमध्ये ‘वेबटीम’ नावाची वेगळी फाइल करा. नावात टिंब नको. ‘वेबटीम.कॉन्फ’ ठेवलंत तर सुडो ती वाचतच नाही, आणि एररही दाखवत नाही.

नियमाचा क्रम असा: कोण, कोणत्या मशीनवर, कुणाच्या नावाने, कोणती कमांड. कमांड पूर्ण पाथसह लिहा आणि पुढे ‘रीस्टार्ट एनजिनेक्स’ हे शब्दही. नुसतं सिस्टिमसीटीएल (सर्व्हिस चालू-बंद करणारी कमांड) लिहिलंत तर पुढे काहीही जोडायची मुभा मिळते, अगदी मशीन बंद करण्याचीसुद्धा. एकाच कमांडला दोन नियम लागू पडत असतील तर शेवटचा चालतो, म्हणून अपवाद खाली ठेवा.

‘सगळं चालेल, फक्त शेल नको’ असा उद्गारचिन्हाचा (म्हणजे ‘हे सोडून’) नियम मात्र कुचकामी. शेलची कॉपी दुसऱ्या नावाने केली की तो गळून पडतो.

खरी फसगत निरुपद्रवी दिसणाऱ्या कमांडमध्ये असते. रूट म्हणून लॉग वाचायला ‘लेस’ ही फाइल दाखवणारी कमांड दिली, तर आतून उद्गारचिन्ह आणि ‘बॅश’ टाइप केलं की रूट शेल हजर. व्हिम या एडिटरचंही तसंच. फाइल बदलू द्यायची असेल तर सुडोएडिट द्या: एडिटर वापरणाऱ्याच्याच हक्कांनी तात्पुरत्या कॉपीवर चालतो आणि बदल नंतर मूळ फाइलवर चढतात.

शेवटी ‘सुडो’पुढे छोटा एल, मोठा यू आणि युजरचं नाव देऊन त्याला नेमकं काय मिळालं ते पाहा. मग त्याच युजरने लॉगिन करून एक परवानगीची आणि एक बिनपरवानगीची कमांड चालवा. दुसरी अडली पाहिजे. तिची नोंद डेबियन-उबुंटूवर सहसा ‘ऑथ.लॉग’मध्ये, रेडहॅटवर ‘सिक्युअर’मध्ये सापडते. ती दिसली की दुसरं टर्मिनल बंद करा.