व्हीटेकचं इंजिन बांधायला काढताय? बोरिंगला टाकण्याआधी हे वाचा

एक्झॉस्टमधून निळा धूर, डिपस्टिक दर आठवड्याला खाली आणि इंजिन जास्त फेऱ्यांवर नेताना आधीचा जोर नाही, तर रिंग-पिस्टन बदलायची वेळ आली असं समजा. मी २००३ पूर्वीची होंडा सिटी १.५ व्हीटेक (जास्त फेऱ्यांवर वॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा) धरून लिहितोय. १४९३ सीसी, १०६ पीएस, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८४.५ मिमी. तुमची गाडी दुसरी असेल तर आकडे तिच्या मॅन्युअलमधले घ्या, क्रम हाच ठेवा. सर्व्हिस मॅन्युअल हाताशी नसेल तर पहिला नटसुद्धा ढिला करू नका.

मेकॅनिक कसा निवडायचा यावर लोक भरभरून सांगतात. माझी परीक्षा दोन प्रश्नांची. या इंजिनची क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) कुठल्या बाजूने फिरते, हा पहिला. बहुतेक इंजिनांच्या उलट, म्हणजे पुलीच्या बाजूने पाहिलं तर ही घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरते. ज्याने ही इंजिनं खरंच खोललीत तो पापणी न लवता सांगतो. दुसरा प्रश्न: काम चालू असताना मी शेजारी उभा राहिलो तर चालेल का? इथे जो कपाळाला आठ्या घालेल त्याच्याकडे गाडी टाकू नका. आमचे इंदूरचे मेकॅनिक उस्ताद स्वतःच फोन करतात, "आ जाओ भिया, बेअरिंग देख लो, फिर मत कहना."

कामाची वाटणी आधीच ठरवून टाका. इंजिन उतरवणं, अडकलेले बोल्ट, टायमिंग आणि वायरिंग त्यांचं. पिशव्यांवर चिठ्ठ्या लावणं, धुणं आणि मोजणं तुमचं. मोजणं कुणावरही सोपवू नका, उस्तादांवरही नाही. त्यांचा हात पन्नास वर्षांचा असेल, पण शतांश मिलिमीटर हाताला कळत नाही.

उतरवणं आणि खोलणं हे एका शनिवारचं काम आहे. प्रत्येक पायरीचे फोटो काढा आणि मेन व रॉडच्या बेअरिंगवरच्या कॅप्सची जागा आणि दिशा बदलू देऊ नका. बस.

आता बोरिंग, म्हणजे झिजलेला सिलिंडर मशीनवर किंचित मोठा करून घेणं. सगळं इंजिन इथे घडतं किंवा इथेच बिघडतं.

आपल्याकडची बहुतेक बोरिंगची दुकानं ट्रक, ट्रॅक्टर आणि पंपाच्या इंजिनांवर पोट भरतात. त्यांच्या हाताला सैल फिटिंगची सवय असते. "डेढ थाऊ रखूँ के दो?" असं विचारतात, आणि तुम्ही "जे बरं असेल ते" म्हणालात की चार ठेवून मोकळे होतात. एक थाऊ म्हणजे ०.०२५ मिमी. या इंजिनला पिस्टन आणि सिलिंडरमध्ये ०.०१ ते ०.०४ मिमी फट लागते आणि ०.०५ ही शेवटची मर्यादा. म्हणजे त्यांचे दोन थाऊ हीच तुमची हद्द. एका दुकानातून माझा ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य भाग) असाच सैल होऊन आला होता. वर पावती आणि "एकदम मक्खन" अशी ग्वाही. थंड इंजिनवर खडखड ऐकत बसायचं नसेल तर पुढचं नीट वाचा.

पिस्टन आधी घ्या, बोरिंग नंतर करा. हा क्रम उलटा करायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. पाकिटावर ०.२५ ओव्हरसाईज (मूळ मापापेक्षा ०.२५ मिमी मोठा) लिहिलेलं असतं, पण आतले चार पिस्टन एकमेकांपासून शतांशाने वेगळे निघू शकतात. प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजा, पिनला काटकोनात, स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या भागावर) मॅन्युअलने सांगितलेल्या उंचीवर. वर मोजाल तर आकडा लहान येईल आणि सगळं गणित चुकेल. पिस्टनवर मार्करने १ ते ४ लिहा आणि ब्लॉकसोबत तेच पिस्टन दुकानात द्या. प्रत्येक सिलिंडर त्याच्या त्याच्या पिस्टनच्या मापाने करून मागा. कागदावर लिहून द्या, तोंडी नको.

०.२५ मध्ये ओरखडे निघत असतील तर ०.५० वर जाऊ नका. पुढच्या वेळेला भिंत शिल्लक हवी. "एकदमच मोठा करून टाका, ताकद वाढेल" हा सल्ला निव्वळ थाप आहे. अर्ध्या मिलिमीटरने सीसी किती वाढते ते कागदावर मांडून बघा, वीससुद्धा नाही.

ब्लॉक परत आला की लगेच बोअर गेज (सिलिंडरचा आतला व्यास मोजायचं साधन) लावू नका. इंदूरचा मे महिना, पत्र्याची शेड, आत बेचाळीस अंश, आणि पिस्टन मात्र घरी कूलरसमोर ठेवलेले. ॲल्युमिनियमचा पिस्टन सिलिंडरच्या लोखंडी लायनरपेक्षा (आतल्या भिंतीपेक्षा) जवळपास दुप्पट फुगतो. दोन्ही वस्तू एकत्रच वीस अंशांनी तापल्या तरी ७५ मिमीच्या मापात सुमारे ०.०१५ मिमीचा फरक पडतो. तुमची सगळी मोकळीक ०.०३ ची, त्यातली निम्मी नुसत्या हवेने खाल्ली. एक गरम आणि एक थंड असेल तर आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. ब्लॉक, पिस्टन, मायक्रोमीटर आणि गेज एकाच खोलीत रात्रभर ठेवा आणि पहाटे मोजा. घरचे विचारतील की हॉलमध्ये इंजिन का आणलंय. विचारू देत.

प्रत्येक सिलिंडर तीन उंचीवर आणि दोन दिशांना मोजा, क्रँकच्या रेषेत आणि तिला आडवं. वरच्या आणि खालच्या मापात ०.०५ चा फरक ही मर्यादा, पण ती जुन्या ब्लॉकसाठी. नुकत्याच बोर केलेल्या सिलिंडरमध्ये तेवढा उतार दिसला तर ब्लॉक परत न्या आणि भांडा. बोअर गेज आधी मायक्रोमीटरवर शून्य करून घ्यायचा, नाहीतर तुम्ही फक्त सुई हलताना बघत बसाल.

होनिंगच्या (बोरिंगनंतर दगडाने घासण्याच्या) रेषा एकमेकींना साधारण ६० अंशांत छेदायला हव्यात. ऑइल त्याच रेषांमध्ये टिकतं. आरशासारखा गुळगुळीत सिलिंडर पाहून कौतुक करू नका, तो परत पाठवा.

आणि धुणं! पेट्रोल किंवा डिझेलने धुतलं की होनिंगच्या दगडाची बारीक पूड रेषांमध्येच रुतून बसते आणि नवी रिंग महिन्याभरात घासून टाकते. गरम पाणी, कपड्यांची पावडर आणि ब्रश. मग कोरडं करून ऑइलात भिजवलेलं पांढरं फडकं फिरवा. फडकं करडं निघालं की पुन्हा धुवा, पांढरंच राहीपर्यंत. उस्ताद यावर अजूनही हसतात. हसू देत. धुतल्या क्षणी ऑइल चोपडा, आषाढात तर तासाभरात गंज धरतो.

रिंगच्या दोन टोकांमधली फट त्याच सिलिंडरमध्ये बघा. रिंग आत ठेवून पिस्टनने सरळ खाली ढकला आणि फीलर (मापाची पातळ पट्टी) घाला. वरच्या रिंगला ०.१५ ते ०.३०. बोअर ०.०१ ने मोठा असेल तर फट ०.०३ ने वाढते, म्हणजे तुमचं आधीचं मोजमाप इथे आपोआप तपासलं जातं. आकडे जुळले नाहीत तर दोनपैकी एक माप खोटं आहे.

बेअरिंगच्या कडेला रंगाचा ठिपका असतो, लाल सगळ्यात पातळ आणि निळा सगळ्यात जाड. ब्लॉक आणि क्रँकवर ठोकलेल्या खुणांवरून रंग ठरतो. क्रँक ग्राइंड केली की त्या खुणा बाद, म्हणून जर्नल (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) मापात असतील तर नुसतं पॉलिश करून घ्या. बेअरिंगची फट प्लॅस्टिगेजने (दाबला जाऊन फट दाखवणाऱ्या धाग्याने) तपासा आणि तेव्हा क्रँक फिरवू नका.

जोडणी सोपी आहे. टॉर्क रेंच एकाने ओढायचा, दुसऱ्याने मॅन्युअलमधला आकडा मोठ्याने वाचायचा. टायमिंग बेल्टसोबत वॉटर पंप बदलाच, तो त्याच बेल्टवर चालतो. बेल्ट लावल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, अर्थात उलट्या दिशेने. कुठे अडलं तर जोर लावू नका, वॉल्व्ह पिस्टनला लागत असेल.

पहिल्यांदा चालू करण्याआधी प्लग काढून आणि पेट्रोलचा पुरवठा बंद करून ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारा, पण सलग नाही. ऑइल साधं मिनरल. सिंथेटिक नंतर.

"दिवसभर आयडलवर सोडा" हा या शहरातला सगळ्यात लाडका आणि सगळ्यात वाईट सल्ला. रिंग बसायला दाब लागतो आणि आयडलवर तो नसतो. गळती बघा, कूलंट भरा आणि गाडी बाहेर काढा. मी खंडवा रोडने भेरू घाटाकडे नेतो, सकाळी लवकर, ट्रकांची रांग लागायच्या आत. चढावर तिसऱ्या गियरमध्ये मध्यम ॲक्सिलरेटर, उतारावर पाय काढून गाडी गियरवरच सोडायची. इंजिन रेंगाळू द्यायचं नाही आणि व्हीटेक उघडेपर्यंत ओढायचंही नाही. घरी आल्यावर ऑइल आणि फिल्टर बदला. काढलेल्या ऑइलात चमचम दिसेल, घाबरू नका. मात्र नखाला लागेल असा कण दिसला तर गाडी तिथेच ठेवा. शेजारी पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे म्हणून मित्र "कधी पळवतोस" विचारतील. हजार किलोमीटर होईपर्यंत त्यांना टाळा.

हजारानंतर पुन्हा ऑइल बदला आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. चारही सिलिंडरमध्ये जास्तीत जास्त २०० किलोपास्कल, म्हणजे साधारण २८ पीएसआयचा फरक चालतो. सोबत वॉल्व्हचं क्लिअरन्स (फट, मिमीमध्ये): इनटेक ०.१८ ते ०.२२, एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७. सिलिंडर हेड (ब्लॉकवर बसणारा वॉल्व्हचा भाग) ३८ अंशांच्या खाली असेल तेव्हाच ते करायचं असतं. उन्हाळ्यात दुपारी आमच्याकडे न चालवलेली गाडीसुद्धा त्याच्या वर असते, तेव्हा उस्तादांना सकाळी सहाला बोलवा आणि चहाचं तुमच्याकडे ठेवा.