भूसुरुंग शोधणाऱ्या डिटेक्टरवर काम करायचं असेल तर

हातात धरायच्या मेटल डिटेक्टरवर काम करू पाहणारी बहुतेक मुलं एकच ध्यास घेऊन येतात: डिटेक्टर अजून खोलवर पोचला पाहिजे. त्यांना मी आधी हिशोबाला बसवतो. कॉइलपासून लांब गेलं की चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं आणि वस्तूकडून परत येणारा प्रतिसादही तसाच घटतो. म्हणजे अंतर दुप्पट झालं की सिग्नल सुमारे 64 पटींनी कमी. शिवाय पायदळविरोधी सुरुंग बहुधा काही सेंटिमीटरच खोल पुरलेले असतात. खरी अडचण ही की अमेरिकी एम-14सारख्या प्लास्टिकच्या सुरुंगात धातू जेमतेम फायरिंग पिनपुरताच असतो, आणि भोवतालची माती त्याच्यापेक्षा मोठ्याने बोलते.

हे नीट कळायला पल्स इंडक्शन समजून घ्या. कॉइलमधला प्रवाह झटकन तोडला की धातूत भोवरी प्रवाह (भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युत प्रवाह) उठतात आणि विरतात. ते विरणं आपण मोजतो. बारीक पिनेचा प्रतिसाद काही मायक्रोसेकंदांतच संपतो. त्यामुळे कॉइल लवकर शांत होणं, डॅम्पिंग रेझिस्टर (कॉइलची थरथर शमवणारा रोधक) नेमका असणं, अ‍ॅम्प्लिफायर पटकन सावरणं यावर सगळं अवलंबून असतं. अ‍ॅनालॉग इलेक्ट्रॉनिक्स कच्चं ठेवून इथे येऊ नका, सॉफ्टवेअर नंतर शिकता येतं.

आता माती. कंबोडिया, अंगोला इथल्या लाल लॅटराइट मातीत लोहखनिजाचे अतिसूक्ष्म कण असतात. तेही पल्सनंतर प्रतिसाद देतात, पण त्याची घट साधारण 1/t अशी (t म्हणजे पल्सनंतरचा वेळ) असते, तर धातूची घट उशिराच्या टप्प्यात घातांकी, म्हणजे त्याहून खूप झपाट्याने, होते. या फरकावर ‘ग्राउंड बॅलन्स’ चालतो: दोन वेगळ्या क्षणांचे नमुने घ्यायचे, योग्य वजन देऊन वजा करायचे, मातीचा आवाज शून्यावर आणायचा. पण याच वजाबाकीत ज्यांचा प्रतिसाद विरायला ठरावीक काळ लागतो अशा काही धातूच्या वस्तूही शून्यावर येतात! माती शांत झाली म्हणून आनंद झाला की लगेच वेगवेगळ्या जाडीच्या पिना आणि अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या कॉइलखालून फिरवा आणि कुठली गायब होते ते बघा. माझ्या मते नव्या माणसाने पहिले काही महिने याच प्रश्नावर घालवावेत. दोनऐवजी तीन-चार क्षणांचे नमुने घेऊन ही उणीव कशी भरून काढायची, हा आजही करण्याजोगा प्रकल्प आहे.

यासाठी महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला परदेशी जावं लागत नाही. रत्नागिरीचा जांभा हा लॅटराइटच आहे आणि घाटावरच्या काळ्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असतं. दोन्हींचा चुरा पेटीत भरा, शेजारी साधी वाळू ठेवा, तीच पिन तिन्हींत पुरा. कोरडी आणि भिजवलेली, दोन्ही प्रकारे. चाचणी कशी घ्यायची याचा युरोपीय दस्तऐवज सीडब्ल्यूए 14747 (2003) मिळवून वाचा. स्फोटक नसलेले नकली सुरुंगच वापरा. खऱ्या स्फोटकाच्या किंवा खऱ्या सुरुंगक्षेत्राच्या वाटेला जाऊ नका, ते प्रशिक्षित माणसांचं काम आहे.

डिटेक्टर वापरणाऱ्याचाही विचार करा. तो उन्हात, तोंडावर व्हायझर घालून, गुडघ्यावर बसून प्रत्येक सिग्नल हाताने उकरतो. त्यातले बहुसंख्य खिळे, काडतुसांची टरफलं, पत्र्याचे तुकडे निघतात. खोटे इशारे कमी करायला मेटल डिटेक्टरला जमिनीत शिरणाऱ्या रडारची जोड देतात. अमेरिकी एएन/पीएसएस-14 आणि जपानच्या तोहोकू विद्यापीठातलं एएलआयएस ही त्याची उदाहरणं. ओल्या चिकणमातीत रडार लंगडं पडतं, म्हणून मेटल डिटेक्टरची सुधारणा थांबवून चालणार नाही.

अशा कामासाठी अर्ज करताना सर्किटचे फोटो पाठवण्यापेक्षा मोजमापांची वही पाठवा: कुठली माती, किती ओल, कुठली पिन, किती खोलीवर आवाज आला, आणि कुठे आला नाही.